लाकूड नसलेली जमीन

ओळखपत्रावर काय नाव असेल ते असो, एकतीस वर्षे त्या ‘हॉलमावशी’ याच नावाने ओळखल्या गेल्या. वय चौसष्ट. बॅडमिंटनच्या हॉलमधली अस्सल लाकडी जमीन राखणे हे त्यांचे काम. त्यांच्या कारकिर्दीत त्या जमिनीवर एकही खेळाडू घसरला नाही, हे त्या स्वतः कधी सांगत नसत. दुसऱ्याकडून वदवून घेत.

निवृत्तीनंतर लेकीने त्यांना आपल्या घरी आणले. “महिनाभर राहते,” मावशी म्हणाल्या, “माझा काही उपयोग झाला तर पुढचं पुढे. नुसती बसून खाणार नाही.” लेकीने नाना परींनी समजावले, परंतु मावशी बधल्या नाहीत. सत्ताविसावा दिवस उजाडला तरी त्यांच्या हाताला काम म्हणून मिळाले नव्हते. स्वयंपाक जावई करी, कपडे यंत्र धुवी, आणि दोघे मिळून “आई, तुम्ही बसा” एवढेच म्हणत.

त्या दिवशी दोघे कामावर गेल्यावर मावशींची नजर बैठकीच्या जमिनीवर स्थिरावली. जावयाने स्वहस्ते बसवलेली, मधाच्या रंगाची, पण मावशींच्या मते तहानलेली. हॉलमधून निरोपाच्या वेळी मिळालेला मेणाचा डबा त्यांच्यापाशी होताच. बाह्या सरसावून त्या कामाला लागल्या. लाकूड मेण पिते, हा त्यांचा आयुष्यभराचा अनुभव. ही जमीन मात्र एक घोटही घेईना. “लाजतेय,” असे म्हणून मावशींनी दुसरा हात दिला.

संध्याकाळी जावयाने दारात बूट काढले, मोज्यांनिशी आत पाऊल टाकले, आणि तो थेट समोरच्या खिडकीखाली जाऊन बसला. मधले अंतर तो चाललाच नव्हता. पिशवीतले बटाटे त्याच्याही पुढे गेले.

“जावईबापू! लागलं का हो?”

“नाही, आई,” तो बसल्या जागेवरून म्हणाला. “पण आज घर जरा लवकर संपलं.”

मावशी हसल्या नाहीत. “एकतीस वर्षांत कुणाला घसरू दिलं नाही, आणि आता घरचाच जावई! झाला एवढा उपयोग पुरे. उद्या सकाळी निघते मी.”

“अहो, तुमचं काय चुकलं? हे लाकूडच नाही. दाबलेल्या भुशाची फळी, तिच्यावर लाकडाचं चित्र, आणि वरून पारदर्शक थर. ते काय पिणार?”

“चित्र?” मावशींनी वाकून नखाने टकटक केले. “म्हणजे मी दिवसभर चित्राला मेण पाजत होते?” आता त्यांनाही हसू आवरेना. तरी डोळे पुसत त्या म्हणाल्या, “हसले म्हणजे राहिले, असं समजू नका.”

जावयाने दाराकडे एकवार पाहिले आणि आवाज खाली आणला. “तुम्ही गेलात तर माझं कठीण आहे.” स्वयंपाकघराच्या दारातले पायपुसणे त्याने उचलले. खाली दोन फळ्यांच्या कडा फुगून वर आल्या होत्या. “जमीन बसवल्यावर पहिल्याच महिन्यात बादलीभर पाणी ओतून पुसली. तुमच्या लेकीला अजून बोललो नाही. खोक्यात तीन फळ्या उरल्यात. पण मधली फळी काढायची कशी? ओढली की खाचा तुटतात.”

मावशींनी चष्मा नीट बसवला. “मधून कोण काढतं? भिंतीकडून सुटं करत यायचं, स्वेटर उसवतात तसं. पेन्सिल आणा.”

आधी मेण काढले: कोमट पाण्यात साबणाचे चार थेंब, थेंबही गळणार नाही इतके पिळलेले फडके, आणि लगोलग कोरडा हात. मग सोफा पलीकडे ढकलला, भिंतीलगतची पट्टी सोडवली, आणि एकेक फळी तिरपी उचलून तिच्या पाठीवर क्रमांक घातला. “नऊ नंबर उलटा धरलात!” मावशींचा आवाज हॉलभर घुमे तसाच घुमला.

इतक्यात लेक आली. पाच रांगा भिंतीशी रचलेल्या; आई आणि नवरा रांगत होते.

“हे काय चाललंय?”

“तुझ्या नवऱ्याची चूक काढतेय.”

“आईंची मघाशीच पुसून झाली,” जावई म्हणाला, आणि मग त्याने बादलीची हकिगत सांगून टाकली.

“ते पायपुसणं रोज कोण झटकतं रे?” लेक म्हणाली. “मला कधीच कळलं होतं. तू कधी सांगतोस, तेवढंच बघत होते.”

शेवटची फळी टक् करून बसली. मावशींनी डोळे मिटून सांध्यांवरून तळहात फिरवला; हाताला काहीही लागले नाही.

“आई,” जावई म्हणाला, “आतल्या खोलीतही एक फळी कुरकुरते.”

“आणि हे तुम्ही मला सत्तावीस दिवसांनी सांगताय?” मावशी पेन्सिल घेऊन उठल्यासुद्धा.

पुढे ठरले ते असे: मावशींचा मुक्काम कायम, जमिनीचा कारभार त्यांच्याकडे. भरलेली बादली बैठकीत आणायची नाही, पाणी ज्याने सांडले त्याने तत्काळ टिपायचे, आणि खुर्च्यांच्या पायांखाली जाड लोकरी तुकडे चिकटवायचे. निकालात निघायचे राहिले ते एकच. सोफा कुठे ठेवावा याविषयी तिघांची तीन मते पडली असून तो अद्याप खोलीच्या मधोमध उभा आहे.