कस्तुराबाईचा तेरावा महिना

कस्तुराबाईची वाटणी मी केली. वावराची केली, बैलांची केली, विहिरीच्या पाण्याची केली, आणि त्याच बैठकीत, चहा गार व्हायच्या आत, म्हातारीचीही करून टाकली. मी नानाजी मास्तर. केनवडच्या शाळेत माझं आयुष्य गेलं. गावात कोणाच्या घरात काही वाटायचं निघालं की बोलावणं मला यायचं, आणि मला त्याचा गर्व होता. कशाला लपवू?

ही चौऱ्याहत्तरच्या अखजीची, अक्षय्य तृतीयेची गोष्ट. कस्तुराबाईचा नवरा जाऊन वर्ष झालं होतं. बहात्तरच्या दुष्काळात तिच्या दोन्ही पोरांनी एका पातेल्यातल्या कण्या खाल्ल्या, आणि पाऊसपाणी बरं झाल्यावर एकमेकांच्या उरावर बसायला लागले. माणसाची जातच अशी, पोट भरलं की भांडण सुचतं. थोरला जानराव, बोलणं कमी आणि मनात ठेवणं जास्त. धाकटा उकंडा, राग कायम नाकाच्या शेंड्यावर. थोरल्याची बायको मनकर्णा, धाकट्याची रुख्मिणी. घर लहानच होतं. मधून मातीची भिंत घालायची ठरली, नदीकडचं वावर आणि त्यातली राखणीची खोपडी जानरावला गेली, गावाकडचं उकंडाला.

राहिली म्हातारी. मी म्हटलं, त्यात काय अवघड आहे? वर्षाचे महिने बारा. चैत्र जानरावकडे, वैशाख उकंडाकडे, जेठ जानरावकडे, आषाढ उकंडाकडे, असं फाल्गुनापर्यंत कागदावर लिहून टाकलं. अवसेला घर सोडू नये, म्हणून दुसऱ्या दिवशी, दर महिन्याच्या पाडव्याला, सकाळी निघायचं. पंच म्हणाले, वा गुरुजी! कस्तुराबाई दारात तुरीची डाळ निवडत बसली होती. तिला कोणी विचारलं नव्हतं. उठता उठता मीच म्हटलं, "काकू, पटलं ना?"

ती म्हणाली, "तुमी लेहलं ना मास्तर, मंग झालं."

ही बाई वावरातली. पोरं पाठीला बांधून तिनं निंदण-खुरपण केलं, नवऱ्याबरोबर खोपडीत राहून राखण केली. घरात तिचा जीव कोंडायचा. आता ती दर पाडव्याला लुगड्याचं गाठोडं काखेत मारून एका दारातून निघायची आणि दुसऱ्या दारात शिरायची. मनकर्णाच्या हाताला तिखट जास्त, रुख्मिणीची भाकर कच्ची. म्हातारी दोन्हीकडे गपगुमान खायची.

वैशाख गेला, जेठ गेला, आषाढ गेला, श्रावणही सरला. आणि भादव्याच्या आधी धोंड्याचा महिना उभा राहिला! शाळेच्या भिंतीवरचं पंचांग माझ्या हातानं टांगलेलं. अधिक मास त्यात ठळक छापलेला. आणि हा शहाणा बारा महिने वाटून मोकळा झाला होता.

पाडव्याला सकाळी शाळेत निघालो तर कस्तुराबाई दोन्ही दारांमधल्या ओट्यावर, गाठोडं मांडीवर, वरून झिमझिम चालू. म्हटलं, "काकू, इथं काहून बसल्या?"

"पाळी कोनाची हाये थे ठरून राह्यलं," ती म्हणाली.

शाळा सुटल्यावर परत आलो, तरी बाई तिथंच. शेजारणीनं दिलेला चहा तेवढा पोटात. माझं डोकं फिरलं. दोघांना बाहेर बोलावून असं झाडलं की चार माणसं जमा झाली. पण दोघांकडे उत्तर तयार होतं, आणि ते माझ्याच कागदातलं.

जानराव म्हणाला, "माहा सावन काल सरला, मास्तर."

उकंडा दारात आडवा उभा राहून म्हणाला, "भादवा माहा हाये, नाई म्हनत नाई. पन हा धोंडा हाये. खरा भादवा लागला की ये म्हना."

आतून मनकर्णा बोललीच, "आमचंच आमाले पुरत नाई, त्यात हा दुष्काळात तेरावा महिना!"

मी लगेच तोडगा काढला. पंधरा दिवस याच्याकडे, पंधरा दिवस त्याच्याकडे. अर्धा महिना कसा मोजायचा तेही बोटांवर सांगायला लागलो. तेवढ्यात कस्तुराबाई उठली.

"राहू द्या मास्तर. आता मले आनखी फाडू नका. बारा महिने तुमी यायच्यात वाटले. तेरावा कोनाले देल्ला नाई ना? मंग थो माहा. मी वावरात जातो."

आणि गेली. जानराव "माय, ऐक" म्हणाला, पण पायरी उतरला नाही.

रविवारी मी वावरात गेलो. मन खात होतं, दुसरं काय. पाहतो तर बाई खोपडीपुढं तीन दगडांच्या चुलीवर भाकर टाकून राहिलेली, बाजूला अंबाडीची भाजी रटरटतेय, पदरात मुगाच्या शेंगा. मला बसायला पोतं दिलं. अर्धी भाकर हातावर ठेवली. म्हणाली, "मास्तर, लगन झाल्यापासून पयल्यांदा मी मले भूक लागली तवा जेवली." ती हसत होती.

खरा भादवा लागला तशी ती उकंडाच्या घरी आली, मनात काही न ठेवता. गावानं दोन्ही भावांना पुष्कळ टोचलं. चावडीवर कोणीही म्हणे, काय उकंडा, धोंडा गेला का रे? तो खाली मान घालून निघून जायचा. कस्तुराबाईला मात्र त्या एका महिन्याची ओढ लागून गेली. रस्त्यात भेटली की पहिला प्रश्न, "आता धोंडा कवा, मास्तर?"

"सत्याहत्तरला. श्रावणात."

"लय दूर हाये वं माय," स्वतःशीच म्हणायची आणि चालू लागायची. दिवाळीत तर अवसेला जानरावकडे लक्ष्मीपूजन आणि दुसऱ्या दिवशी, भर पाडव्याला, गाठोडं घेऊन उकंडाकडे. लोक एकमेकांच्या घरी फराळाला जायचे आणि ही घर बदलायची. तेही माझ्याच कागदामुळे.

सत्याहत्तरच्या माघात तिला लकवा मारला. उजवं अंग गेलं, जीभ जड झाली. जानराव तिला दवाखान्यात वाशीमला घेऊन गेला, डॉक्टरांनी तेल चोळायला सांगितलं आणि परत पाठवलं. सुनांबद्दल मी वाईट बोलणार नाही. म्हातारीचं हगणं-मुतणं त्या दोघींनी काढलं, आपापल्या महिन्यात, नाक न मुरडता. पण पाळी काही थांबली नाही. पाडवा आला की दोघं भाऊ बाज उचलायचे, एक डोक्याकडून, एक पायाकडून. एका दारातून बाहेर, सात पावलं ओट्यावरून, दुसऱ्या दारातून आत. तीन वर्षांत एकमेकांशी बोलले नव्हते, तेव्हाही बोलायचे नाहीत. गुढीपाडव्याला तर दोन्ही दारांत गुढ्या उभ्या आणि खालून ही बाज चाललेली. कस्तुराबाई डोळे मिटून घ्यायची. मी समोरून पाहिलं, घरी आलो आणि बायकोला म्हटलं, मला आज पुरणपोळी वाढू नको.

आषाढाच्या शेवटी मी तिला बघायला उकंडाच्या घरी गेलो. तिनं डाव्या हातानं माझं मनगट धरलं. ओठ वाकडे करून, जोर लावून, एकच शब्द काढला. "धोंडा."

मी म्हटलं, "हो काकू, रविवारपासून."

तिनं दाराकडं पाहिलं. मला कळलं तिला काय पाहिजे ते. पण मी भित्रा माणूस. म्हटलं, "आता कसं जमेल? चिखल आहे, पाऊस आहे, खोपडी गळत असेल. तुमचं कोण करणार तिथं?" तिच्या डोळ्यांतून पाणी घळाघळा वाहायला लागलं आणि पुसायला तिचा उजवा हात उठेना. उकंडा चुलीजवळ बसला होता.

रविवारी पाडवा. उजाडताच मी त्यांच्या घराकडं निघालो. मला भीती होती की या खेपेला ओट्यावर म्हातारीची बाजच दिसेल. ओटा रिकामा होता. जानराव आपल्या दारात उभा. मी विचारायच्या आधीच म्हणाला, "म्या नाई नेलं."

रुख्मिणी बाहेर आली. म्हणाली, "त्यायनं मायले पाठीवर घेतलं अन् गेले वावरात. बाज गाडीत पुढं धाडली, पन गाडीच्या हिसक्यानं मायले दुखते म्हनत."

दीड कोस चिखल तुडवत मी गेलो. खोपडीत बाज टाकलेली, कस्तुराबाई मेढीच्या खांबाला टेकवून बसवलेली. न्हालेली होती, केस विंचरलेले होते, आणि समोरच्या कपाशीच्या हिरव्या पऱ्हाटीकडं टक लावून पाहत होती. उकंडा नाल्यावर तिचं लुगडं धुऊन राहिला होता. आमच्या गावात बाप्या माणसानं आईला आंघोळ घालणं, तिचं लुगडं धुणं म्हणजे केवढी गोष्ट! पुढं लोक बोललेच, घरात बायको असून हे कायचे धंदे.

आणि मी तरी काय बोलावं? जित्याची खोड. म्हटलं, "अरे उकंडा, आषाढ काल सरला. तुझी पाळी संपली."

"मालूम हाये."

"मग?"

त्यानं लुगडं पिळलं, झटकलं आणि बोरीच्या झुडपावर वाळत टाकलं. मग माझ्याकडं न पाहता म्हणाला, "पाळीनं करतो तवा माय जड वाटते, मास्तर. दिवस मोजत बसतो मानूस. हा महिना कोनाचाच नाई. म्हून आलो." झुडपावरचं लुगडं त्यानं सारखं केलं. "त्या साली म्या तिले दारातून परतवली. माह्या आधी तिचे तीन गेले होते, मी जगावं म्हून तिनं मले उकंड्यावर, केरात टाकून उचललं, नावबी थेच ठेवलं, अन् म्या तिले उंबऱ्याच्या आत घेतलं नाई. लाज वाटते मास्तर. भाकर खाली जात नाई."

तो रडायला लागला. एवढा रागीट माणूस, धोतराचा सोगा तोंडात कोंबून रडला. मीही रडलो.

चौथ्या दिवशी मोठा पाऊस आला आणि खोपडी गळायला लागली. खोपडी जानरावच्या वावरातली. त्याच्या परवानगीशिवाय उकंडा छपराला हात लावणार कसा? दुसऱ्या दिवशी दुपारी जानराव डोक्यावर गवताचा भारा घेऊन आला आणि सरळ छपरावर चढला. मी तिथंच होतो. बराच वेळ नुसतं गवत सरकवल्याचा आवाज. मग वरून त्यानं हात खाली केला.

"दोर दे."

"घे," उकंडा म्हणाला.

तीन वर्षांत एवढंच. पण खोपडीतून कस्तुराबाईनं घशातून कसलासा आवाज काढला. दोघंही काम थांबवून आत पाहायला लागले. काही झालं नव्हतं. ती हसत होती.

कस्तुराबाई पुढं मार्गशीर्षात गेली, त्याच खोपडीत, कापूस वेचणीच्या दिवसांत. पण मला सांगायचं आहे ते त्याच्या आधीचं.

धोंडा सरला आणि खरा श्रावण लागला तो पंधरा ऑगस्टला. शाळेत झेंडावंदन उरकलं, मुलांना खाऊ वाटला आणि मी तसाच वावराकडं निघालो. श्रावण जानरावचा. म्हणजे आज बाज उठणार, म्हातारी पुन्हा गावात, पुन्हा त्या चार भिंतींत. तिला ते कसं सांगायचं, हेच डोक्यात. रस्त्यानं दोन ओळखीच्या माणसांना हटकलं, म्हटलं, बाज आणायची आहे, जरा चला. ते निंदणाच्या घाईत होते, नंतर येतो म्हणाले.

वावराच्या बांधावर जानराव गाठला. एकटाच होता. खांद्यावर घोंगडी, एका हातात ताट-लोटा.

मी म्हटलं, "जानराव, बाज उचलायला माणसं सांगितलीत. येतातच आहेत."

"बाज कायले उचलता?" तो म्हणाला. "महिना माहा हाये, तं मी आलो. आता पाडव्याले आमी हालू. मायनं कायले हालावं?" मग चालता चालताच, रागानं नाही, सरळ म्हणाला, "तुमी उलटं लेहलं होतं, मास्तर."

मी "हो" म्हटलं.

खोपडीपुढं उकंडानं आपलं पांघरूण झटकून खांद्यावर टाकलं. आईला तेल कुठं चोळायचं, कोणत्या कुशीवर झोपवलं की दुखत नाही, ते त्यानं भावाला सांगितलं. जानराव मन लावून ऐकत होता. मग उकंडा गावाकडं निघाला, आणि जानराव वाकून आत शिरला. कस्तुराबाईनं त्याला पाहिलं, डावं कोपर टेकून अंग रेटलं आणि बाजेवर त्याला बसायला जागा केली.