देविदासच्या गोष्टीची मी बातमी केली

आजवर कुणालाच न सांगितलेलं आधी सांगतो, नाहीतर लिहिता लिहिता मी ते पुन्हा गिळून टाकीन. देविदास राठोडच्या बहिणीवरची ती बातमी परभणीच्या कार्यालयात कुणाच्या घोळामुळे छापली गेली नव्हती. ती मी लिहिली होती. हिंगोलीत, माझ्या टेबलावर, भर दुपारी, पूर्ण शुद्धीत. देविदासला मी हे शेवटपर्यंत सांगितलं नाही आणि मागच्या महिन्यात तो गेला.

फोन आला तेव्हा मी नगरपालिकेच्या पत्रकार परिषदेत बसलो होतो. गोरेगावचा एक दुकानदार बोलत होता. "देवाभाऊ गेले हो. सकाळीच. काविळीनं पार पोखरलं होतं." मी वही मिटली, पुन्हा उघडली आणि सवयीनं कोपऱ्यात लिहिलं, 'गोरेगाव, निधन.' ज्याच्याबरोबर अठरा-एकोणीस वर्षं चहा प्यायलो त्याच्या जाण्यावर माझ्या हातून पहिल्यांदा उमटलं ते हे. मग समोरचा माणूस नळयोजनेबद्दल काय सांगत होता ते मी टिपून घेत राहिलो...

आमची ओळख हिंगोलीच्या कॉलेजातली, नव्वदनंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांतली. हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यातच होतं. मी एक वर्ष पुढे, गॅदरिंगला एकांकिका लिहिणारा, त्यामुळे स्वतःला लेखक समजणारा. देविदास गोरेगावजवळच्या बंजारा तांड्यावरून आलेला, त्या तांड्यातून कॉलेजात पोचलेला पहिलाच. तो दोनशेपानी वह्यांत गोष्टी लिहायचा आणि कुणाला दाखवायचा नाही. मला दाखवल्या, कारण मी मागितल्या. पहिली वाचली तेव्हाच मला कळलं होतं की माझ्या एकांकिकांतली माणसं माझीच भाषणं म्हणत उभी असतात, आणि याची माणसं नुसती भाकरी थापत बसली तरी त्यांच्या मनातलं कळतं. हे मी त्याला सांगितलं नाही. "चांगलं आहे, पण जरा लांबतं," एवढंच म्हणालो.

कॉलेज संपलं आणि मी परभणीहून निघणाऱ्या एका दैनिकाचा हिंगोलीचा वार्ताहर झालो. एकांकिका सुटल्या. त्या सोडल्याचं मला वाईट वाटत नाही असं मी सगळ्यांना सांगायचो. देविदास दोन वर्षं शिक्षकाच्या नोकरीची वाट बघत होता. त्याला मीच गोरेगावची एजन्सी मिळवून दिली. आमच्याकडे खेड्यातला वार्ताहर म्हणजे पहिल्या जीपवरून पेपरचा गठ्ठा उतरवून घेणारा, तो घरोघर टाकणारा, सरपंचाच्या वाढदिवसाची जाहिरात मागून आणणारा आणि या सगळ्यातून वेळ उरला तर बातमी लिहिणारा. ती बातमी पाकिटात घालून तो जीपवाल्याकडे द्यायचा, मी ती बघून चारच्या परभणी गाडीच्या कंडक्टरकडे द्यायचो.

हे काम त्यानं घ्यावं म्हणून मी बसस्टँडसमोरच्या हॉटेलात त्याला किती वेळा समजावलं असेल...

"गोष्टी लिहून कुणाचं भलं झालंय, देवा? छापून यायला वर्ष जातं, वाचायला चार माणसं. पेपरात आज लिही, उद्या अख्खं गाव वाचतं."

"व्हय. अन् परवा त्याच्यावरच भजे खातं."

"तुझ्या गोष्टीवर तर भजेही कुणी ठेवत नाही."

"वहीत ठेवतो ना भाऊ, तेलापासून लांब," म्हणून तो हसला. मग चहाचा ग्लास फिरवत म्हणाला, "तुमी म्हणता ते बराबर हाय. पण बातमीत माणसाचं नाव पयल्या ओळीत येतं, अन् मग त्या माणसाला कुणी काही इचारतच न्हाई. गोष्टीत नाव बदललं की माणूस कसं मोकळं बोलून राहतं." मी त्याला वेड्यात काढलं. पोटाला काय घालणार, असं विचारलं. तो आला आमच्यात. गोष्टी मात्र लिहीत राहिला.

हिंगोली जिल्हा वेगळा झाला त्या वर्षी आमच्या दैनिकानं हिंगोलीला स्वतंत्र पान दिलं. सत्कार झाले, हार घातले गेले. चौथ्या दिवसापासून मला कळेना की रोज एवढं पान भरायचं कशानं. जिल्हा नवा, पण घडायचं तेवढंच घडत होतं. दिवाळीनंतरच्या एका दुपारी दोन कॉलमांची जागा रिकामी होती, अडीच वाजले होते, आणि गोरेगावच्या जीपमधून देविदासचं पाकीट आलं. त्यात तीन किरकोळ बातम्या आणि आठ पानांची एक गोष्ट. सोबत चिठ्ठी: 'भाऊ, ही रविवारच्या पुरवणीसाठी पुढे पाठवा. जमली का तेवढं सांगा.'

गोष्ट एका नवऱ्यानं टाकलेल्या बाईची होती. तांड्यात दिवाळीला लग्न न झालेल्या पोरी हातात दिवा घेऊन गाणी म्हणत घरोघर ओवाळायला जातात. लग्न झालेलीनं तो दिवा घ्यायचा नसतो. या गोष्टीतली बाई ना धड लग्नाची, ना बिनलग्नाची. तीन वर्षं ती उंबऱ्यात बसून पोरींची रांग बघते आणि चौथ्या वर्षी दिवा घेऊन रांगेच्या शेवटी उभी राहते. तांड्याच्या प्रमुखाची, नायकाची, म्हातारी आई पुढे येते, तिच्या दिव्यात डोकावते आणि त्यात तेल घालते.

मी वाचून संपवली. जमली होती. मला जन्मात जमणार नाही इतकी जमली होती. नावं बदललेली होती, पण तांड्याच्या तोंडाशी असलेली हापशी मला ओळखू आली. ती बाई म्हणजे त्याची थोरली बहीण जमनाबाई हेही कळलं. त्यांच्या हातची भाकरी मी कितीदा खाल्ली होती. त्यांच्या नवऱ्यानं दुसरी बायको आणली हेही मला माहीत होतं. मी कागद ओढला आणि लिहिलं, 'परित्यक्तेने हाती घेतला दिवा. तांड्याने मोडली रूढी.' खाली जमनाबाईंचं खरं नाव, नवऱ्याचं नाव, माहेर-सासरच्या दोन्ही तांड्यांचे पत्ते. कुणाचा बैल दगावला तरी मी दोन ठिकाणी विचारून घेत असे. त्या दिवशी कुणालाही विचारलं नाही. चांगलीच तर बातमी आहे, बाईचं कौतुकच होईल, असं स्वतःला सांगितलं. पान रिकामं होतं हे खरं. पण तेवढंच खरं नाही. ती गोष्ट गोष्ट म्हणून छापली जायला मला नको होती. चारच्या गाडीनं बातमी गेली. आठ पानं माझ्या ड्रॉवरमध्ये गेली.

परभणीहून शाबासकी आली, पानाला माणसाचा चेहरा मिळाला म्हणून. तोवर गोरेगावकडे काय झालं ते मला तिसऱ्या दिवशी कळलं.

जमनाबाईंनी दिवा घेतलाच नव्हता. त्या त्याही वर्षी उंबऱ्यातच बसल्या होत्या. जे त्यांना मिळालं नाही ते भावानं गोष्टीत दिलं होतं. आणि त्याच आठवड्यात दोन्ही तांड्यांचे नायक बसणार होते, जमनाबाईंना परत नांदवायचं ठरणार होतं. त्यांना तेच हवं होतं, चारचौघांत आपली जागा परत. नवऱ्याकडची माणसं बैठकीला आमचा पेपर घेऊन आली. लग्नाची बाई हा दिवा घेत नाही, हिनं घेतला, म्हणजे हिनंच सोयरीक मोडली... तांड्यातल्या बाया सांगत होत्या की तिनं दिव्याला हातही लावला नाही. त्यांना उत्तर मिळालं, "मग पेपर काय लबाड बोलतो का?" आणि तो पेपर त्या तांड्यात वाटणारा, त्याचा वार्ताहर, तिचा सख्खा भाऊ. देविदास उभा राहून म्हणाला, ती गोष्ट हाय, मी मनानं लिहिली. नायकानं विचारलं, "मनानं लिहिली तर खरं नाव काहून टाकलं?" नाव त्यानं टाकलंच नव्हतं, पण छापील पेपरापुढे ते कोण मानणार? बैठक उठली. जमनाबाई कायमच्या माहेरी राहिल्या.

हे सगळं त्यानं मला त्याच हॉटेलात सांगितलं, आवाज न चढवता. मग विचारलं, "भाऊ, ह्ये कसं झालं?"

"परभणीच्या डेस्कवर घोळ झाला असेल, देवा. बातम्यांच्या पाकिटातच गोष्ट होती ना. मिसळली असतील पानं."

परभणीच्या डेस्कला जमनाबाईंचं खरं नाव कुठून कळलं, एवढं एक विचारलं असतं तर मला तोंड उघडायला जागा उरली नसती. त्यानं विचारलं नाही. त्याला सुचलं नसावं, असं मी कित्येक वर्षं धरून चाललो. आता तसं वाटत नाही. "बरं," तो म्हणाला. "माझंच चुकलं मग. बातमीच्या पाकिटात गोष्ट घालायची न्हाई. ती पानं तेवढी मागवून घ्या. दुसरी प्रत न्हाई माझ्याकडं." पानं हरवली असं मी त्याला पुढच्या आठवड्यात सांगितलं.

त्यानंतर त्यानं गोष्ट लिहिली नाही. एजन्सी सोडेल असं मला वाटलं होतं, तीही सोडली नाही. बातम्या मात्र पाठवत राहिला, कोरड्या, तपासून घेतलेल्या, एक शब्द जास्त नसलेल्या. फक्त बाईमाणसाची बातमी असली की 'एका महिलेने' एवढंच. मी फोनवर चिडायचो, "नाव कुठंय, देवा?" तो म्हणायचा, "नाव न्हाई मिळालं, भाऊ." पंचवीस गावांतली चूल न् चूल ओळखणारा माणूस...

शेवटचं भेटलो दवाखान्यात. डोळे हळदीसारखे झालेले. "भाऊ, माझी निधनवार्ता तुमीच लिहा. पण वय बराबर टाका. डेस्कवर घोळ व्हतो." आणि हसला. तेव्हा सांगायला हवं होतं. खोलीत आम्ही दोघंच होतो. मी म्हणालो, "गप पड जरा," आणि उशी सरळ केली.

तेराव्याला तांड्यावर गेलो. तो ज्या खोलीत पेपरचे गठ्ठे सोडायचा तिथं जमनाबाईंनी मला बसवलं. कोपऱ्यात न वाटलेले अंक रचून ठेवले होते. चहा पुढे करत त्या म्हणाल्या, "दादा, आमचा देवा आधी रोज लिहीत बसायचा. मग एकाएकी काहून सोडलं त्यानं? तुमाला ठाऊक असंल." मी कामाचा व्याप वगैरे काहीतरी बोललो. त्यांनी मान हलवली. "मला एक वाचून दाखवतो म्हनला व्हता. तुझी गोष्ट लिहिली म्हनला, बाई. पेपरात आली की वाचतो म्हनला. ते राहूनच गेलं बघा..."

जमनाबाईंना वाचता येत नाही. त्यामुळे हे त्यांच्यापर्यंत जाणार नाही, हे मला माहीत आहे, आणि इथे लिहिणं मला झेपलं ते त्यामुळेच. ती आठ पानं माझ्याकडे आहेत. तांड्यावर जाऊन नायकासमोर, सगळ्यांदेखत, ती बातमी मी लिहिली आणि ती खोटी होती हे तोंडानं सांगायचं आहे. मग जमनाबाईंनी ऐकून घ्यायचं म्हटलं, तर त्यांच्या उंबऱ्यापाशी बसून आठही पानं वाचून दाखवायची आहेत. एवढं माझ्याकडून बाकी आहे. अजून मी गेलेलो नाही.