आमची साथरोगाची जीप

दहा वर्षं साथरोगाची जीप हाकली. कुठं जुलाब, कुठं कावीळ, कुठं डेंगू, आम्ही तिघं हजर: डॉक्टर मॅडम, लॅबवाले तात्या आन् मी ड्रायव्हर. एक किस्सा सांगून होत नाय तवर रस्त्यात दुसरा घडायचा. आता सांगायचे लय हायेत, ऐकायला ते दोघं नाय. मॅडमची बदली लांब झाली, तात्या रिटायर झाले. मी कंत्राटी, मला हापिसातनं सांगितलं, गरज पडली की बोलवू. दिंडोरीला द्राक्षाचा पिकअप चालवतो. फोन वाजला की अजून वाटतं, मॅडम म्हणतील, "बाळूभाऊ, गाडी काढा."

*

ओझरकडं डेंगू निघालेला. तात्या घरोघर टाक्या, कुंड्या, फ्रिजमागचा ट्रे बघायचे, मी मागनं लोकांवर ओरडायचो. एका बाईनं पिंप आठ दिवस धुतलं नव्हतं. तिला लय बोललो. ती सरळ गाडीकडं गेली आन् मागच्या स्टेपनीत बोट घातलं. पावसाचं पाणी साचलेलं, आत आळ्या वळवळत व्हत्या. म्हंजे आम्हीच गावोगाव डास वाटत फिरत व्हतो!

तात्यांनी शांतपणे फॉर्म काढला. "घर नंबर?"

"एमएच पंधरा," मी म्हणलं.

"घरमालक?"

मॅडम हसता हसता बाईच्या ओट्यावर बसल्या.

*

दिंडोरीजवळ एका लग्नात जुलाबाची लागण. मॅडम एकेकाला विचारत बसल्या, काय खाल्लं, काय प्याले, कितव्या पंगतीला. धडधाकट माणसांनाबी तेच. मी वैतागलो. चांगल्या माणसांना काय विचारायचं? मॅडम म्हणल्या, "ते का वाचले, तेच तर पाहिजे."

संध्याकाळी निघालं की जेवण चांगलं व्हतं, टँकरचं पाणी खराब. नवरदेवाचा बाप भडकला, माझ्या पोराच्या लग्नाला नाव ठेवता का म्हणून. टाकीतनं त्याच पाण्याचा तांब्या भरला आन् आमच्यासमोर गटागटा प्याला.

तात्यांनी आजाऱ्यांची यादी काढली. "पूर्ण नाव सांगा."

"माझं कशाला?"

"उद्या लिहायचंच हाय, आज लिहून घेतो."

*

हरसूलच्या वर डोंगरात एक पाडा. तिथली आशा वर्कर जिजाताई. दर सोमवारी आजारी किती ते तिनं कळवायचं, कोणी नसलं तरी "निरंक" म्हणून कळवायचंच. मॅडमचा फोन कायम मिटिंगमधी, म्हणून नंबर माझा दिलेला. पाड्यात रेंज नाय. बाई टेकडी चढून फोन करायची आन् येकच शब्द बोलायची. मला राग यायचा. सांगायला काय नाय तर चढती कशाला?

एका सोमवारी फोन आला नाय. दुपारी मॅडम म्हणल्या, गाडी काढा. मी भांडलो, रेंज नसंल, ओढ्याच्या फरशीपुलावरनं पाणी चाललं असंल. त्या आधीच सीटवर जाऊन बसलेल्या.

पाड्यात घरोघर जुलाब, उलट्या. जिजाताई टेकडीच्या पायथ्याला बसलेली, फोन हातात, चढायची ताकद नाय. उचलून गाडीत घालायला लागलो तर म्हणती, आधी म्हाताऱ्यांना न्या. चार दिवस शाळेत सलाईनी लावल्या, विहिरीत औषध टाकलं. एकबी माणूस गेलं नाय. त्यानंतर मी तिला कधी "चढती कशाला" म्हणलं नाय.

*

गेल्या सोमवारी बागेत क्रेट भरत व्हतो. फोन वाजला. हात पुसून उचलला, वाटलं मॅडम. जिजाताई निघाली.

"दादा, निरंक."

मी म्हणलं, ताई, मी आता तिथं नाय, ते सगळं ॲपवर टाकायचं असतं. म्हणती, टाकलं ॲपवर.

"मंग मला कशाला फोन केला?"

"मी नाय टाकलं तर ॲप गाडी काढून पाड्यावर येतं का?"

मी क्रेटच्या पुठ्ठ्यावर तारीख टाकली, पुढं "निरंक".

"लिहलं का?" तिनं विचारलं.

"लिहलं."