शिकागोतला वन्स मोअर

शनिवारी पहाटे आमच्या ईडन प्रेरी गावाहून निघायचं होतं. मी बाहेर आलो तेव्हा मार्टिनकाका निळा कोट हँगरवर घेऊन गाडीशेजारी उभेच होते. हे माझे आयरिश शेजारी, ऐंशीच्या घरातले. आमच्या घरात शिकून परदेशी आलेला मी पहिलाच. पहिल्या हिवाळ्यात बर्फावर गाडी चालवायला यांनीच शिकवलं. आता त्यांच्या गुडघ्यांना ड्रायव्हिंग झेपत नाही. शिकागोच्या आयरिश हॉलमध्ये दुपारच्या नाचाला ते तीन गाणी गाणार होते, म्हणून मी नेत होतो.

वाटेतलं विस्कॉन्सिन राज्य संपता संपत नाही. कापलेला मका, मधेच एखादं लाल कोठार, पुन्हा मका. काका तुकड्यातुकड्यांनी सांगत होते. अठराव्या वर्षी ते शोबँडमध्ये (नाचासाठी गावोगाव फिरणारा वाद्यवृंद) शिरले. एकसारखे कोट, खटारा व्हॅन, रोज नवं गाव. हॉलमध्ये मुलगे एका भिंतीला, मुली दुसरीला, दाराशी पाद्री. मग डिस्को आले, हॉल बंद पडले आणि काका अमेरिकेत येऊन घरांची छपरं घालू लागले. गाणं सुट्टीपुरतं उरलं.

"आमच्या आधीचे वादक खुर्च्यांवर बसून वाजवायचे," ते म्हणाले. "आम्ही उभे राहिलो, नाचलो. लोक त्यासाठीच यायचे. बसला तो शोबँडवाला नव्हे."

आज शेवटपर्यंत उभं राहता येईल ना, एवढीच त्यांना धास्ती होती.

मॅडिसनपाशी मी चुकीचा एक्झिट घेतला. तिथल्याच गॅस स्टेशनवर (पेट्रोल पंप) बायकोने दिलेले धपाटे खाल्ले. लोणचं चाखून काकांनी विचारलं, तुझ्या बायकोचा माझ्यावर राग आहे का?

हॉलची व्यवस्था बघणाऱ्या बाईंनी मंचावर, मागे पडद्यापाशी, खुर्ची ठेवली होती. काकांनी तिच्याकडे पाहिलंच नाही. तिन्ही गाणी उभ्याने झाली. आवाज थकला होता, पण शेवटची ओळ त्यांनी अशी लांबवली की माझ्या तोंडून सवयीने निघून गेलं, "वन्स मोअर!" आमच्याकडच्या संगीत नाटकांतली ही दाद. साऱ्या हॉलने ती उचलली.

काकांनी पुन्हा सुरुवात केली. दुसऱ्या कडव्यात गुडघा लटपटला. साथीच्या अकॉर्डियनवाल्याने खुर्ची पुढे सरकवली आणि काका बसले. उरलेलं गाणं बसूनच पुरं केलं. नाचणारे नाचत राहिले.

देशी दुकानांच्या डेव्हन ॲव्हेन्यूजवळ मित्राकडे मुक्काम होता. काका वरणभात खाऊन लगेच झोपायला गेले. रविवारी सकाळी निघालो, बराच रस्ता मागे पडला, तेव्हा म्हणाले, "माझं उभ्याने संपलं होतं."

मी माफी मागितली. आमच्याकडे गाणं फार आवडलं की तेच पुन्हा मागतात, असं सांगितलं.

"आणि गाणाऱ्याला जमलं नाही तर?"

"ज्याचं संपलं त्याच्याकडे कोणी मागत नाही, काका."

त्यांनी सीट मागे केली, पाय लांब केले. मीही दमलो होतो. आपल्या मुलखाची दाद परक्या माणसाच्या अंगावर किती जड पडते, हेच मनात घोळत होतं.

घराशी उतरताना त्यांनी माझा हात धरला. एरवी धरत नाहीत. दारापाशी थांबून म्हणाले, "त्या बाईंना फोन कर. पुढच्या वेळी खुर्ची मागे नको म्हणावं. माइकपाशी ठेवा."