माझ्या हृदयाचे ठोके आणि आमच्या ओसरीवरची मंडळी

हृदयाची लय बिघडली की डॉक्टर एकच असतो, किस्से मात्र साचत जातात. आमच्या मालवणात ते साचतात बस्त्यांवच्या ओसरीवर. बस्त्यांव म्हणजे निवृत्त हेडमास्तर. संध्याकाळी मी तिथे चहाला जातो.

निदान झालं तेव्हा मी डॉक्टरांना विचारलं, "आता किती वर्षं?"

"गोळ्या नियमित घ्या. बहुतेक लोक छान जगतात."

"बहुतेक म्हणजे नक्की किती?"

"सर, तुम्ही संख्याशास्त्र शिकवायचात ना? मग मला काय विचारता!"

सरासरीवरून एका माणसाचं काही सांगता येत नाही, हे मी जन्मभर शिकवलं. माझा स्वतःचा त्यावर विश्वास नव्हता, हे आत्ता कळलं.

*

मुलाने पुण्याहून ठोके मोजणारं घड्याळ पाठवलं. ठोके चुकले की ते थरथरतं. ते थरथरलं की मी घाबरतो, आणि मी घाबरलो की ते पुन्हा थरथरतं!

बस्त्यांव म्हणाला, "प्रोफेसर, तुझी गोळी त्या घड्याळाक दी!"

*

आमच्या वाडीतले दाजी भजनात पखवाज वाजवतात. त्यांनी एकदा माझी नाडी धरली. डोळे मिटून बराच वेळ ऐकल्यासारखं केलं.

"मास्तरांनू, ह्या तालार भजन धरलां तर डबलबारीचो सामनो हरलंव म्हणान समजा!"

*

बायकोने माडाचं रोप आणलं. मी म्हटलं, "नारळ धरायला सहा-सात वर्षं जातील. तोवर मी असेन का?"

"नसलात तर सोलकढी मी एकटी पिईन. खड्डा खणा!"

खणला. पण रोप लावताना माझा चेहरा बघून तिने दाजींनाच देवाला गाऱ्हाणं घालायला बोलावलं. वाडीतली माणसं जमली, बस्त्यांवही आला. दाजींनी नारळ ठेवला, हात जोडले; होकार भरायला सगळे मागे उभे राहिले.

"बा देवा म्हाराजा! ह्या मास्तराच्या काळजाचां काय चुकता-माकता तां सांभाळून घे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि ह्या माडाचो पयलो नारळ ह्येच्याच हातान तुका चढांदे रे म्हाराजा!"

"व्हय म्हा..."

"थांबा!" मी मध्येच ओरडलो. गाऱ्हाण्यात कुणी तोंड घालत नाही, पण मला राहवेना. "पहिलाच का? पहिल्यानंतर काय? दाजी, वरची मर्यादा घालू नका! 'किमान पहिला' असं म्हणा!"

दाजींनी डोळेसुद्धा उघडले नाहीत.

"...आणि तोवर ह्येका गप रवाची बुद्धी दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

सगळ्यांत मोठा आवाज बायकोचा होता.