अक्काचा ळ

अक्काला चुकीचा उच्चार ऐकवत नसे. बोलणाऱ्याला मध्येच थांबवून ती म्हणे, "जीभ जरा मागे वळवा हो." मुरुडला आमच्या लॉजमागे तिचं घर. माहेर अंकोल्याकडचं, भाषा कानडी, आणि लग्न इथल्या दामू कोळ्याशी. वादळात त्याची बोट तिकडच्या बंदरात अडकली होती, तेव्हा जमलेलं.

मला तिच्याकडून कानडी शिकायची हौस आली. एकदा पाहुण्यांच्या चहाला दूध मागायला गेले आणि ऐटीत म्हटलं, "हाळु दे गं." अक्का ओट्याला टेकून हसत सुटली. "हालु म्हणजे दूध, हल्लु म्हणजे दात आणि हाळु म्हणजे सत्यानाश. पाहुण्यांच्या चहात काय घालू, सांगा!"

दामूची अडचण निराळी. इथल्या कोळ्यांच्या बोलीत ळ नाहीच; डोळ्याला डोला, काळ्याला काला. त्यात या लग्नामुळे अक्काच्या वडिलांनी लेकीशी बोलणं सोडलेलं. मुलगी झाली तेव्हा दामूने सासऱ्याला भेटायचं ठरवलं. "त्यांचेशी मी कानडीनच बोलनार हाय," तो म्हणाला. अक्काने एकच वाक्य शिकवलं : तुमच्या लेकीसाठी बांगड्या आणल्यात. बांगडी म्हणजे बळे. बले म्हणजे मासे धरायचं जाळं. दामू दिवसभर ते घोकत बसे.

पुढचं अक्काने मला नंतर सांगितलं. तिचे वडील, अप्पा, दारात पाठ फिरवून बसलेले. दामूने बांगड्यांची पुडी पुढे केली आणि घाम पुसत कानडीत म्हणाला, तुमच्या लेकीसाठी जाळं आणलंय. जन्मभर मासेमारी केलेले अप्पा सावकाश वळले. "एकदा धरून नेलीस ना? आता आणखी जाळं कशाला?" आणि खो खो हसत त्यांनी नातीला मागून घेतलं.

"हे बरोबर बोलले असते ना, तर अप्पा वळलेच नसते," अक्का म्हणाली. त्यानंतर इतर सगळ्यांना ती टोकत राहिली, दामूला मात्र कधीच नाही.

गेल्या वर्षी अप्पांनी अंथरूण धरलं. निरोप आला तो लेकीला नव्हे, जावयाला. दामू अक्काला घेऊन महिनाभर राहून आला, बोटीतला वाटा भावाला देऊन टाकला आणि बिऱ्हाड बांधलं. स्टँडवर मी विचारलं, "परत कधी?"

"पोरीचे हातची पेज गिलत न्हाय ते, माजे हातची खातात," दामू म्हणाला. "ते हायेत तवर तिथंच ऱ्हानार."

एसटी सुटता सुटता अक्काने खिडकीतून घराची चावी माझ्या हातात दिली आणि पदर तोंडाला लावला.