उष्ट्या पिंपाची दारू

ठमाबाई धवलारीण काय चीज होती, ते आजकालच्या पोरींना सांगून पटायचं नाही. आम्हा आगऱ्यांत लग्न लावायची तीच. तिनं धवले, म्हणजे लग्नाची गाणी, गायला सुरुवात केली की लग्न सुरू, ती गप्प बसली की वाजंत्री, अक्षता, जेवण सगळं खोळंबलं. आणि तोंड? अगं बाई! एकदा बोलली की बोलली. शेजारच्या गावात एका लग्नात तिनं नवरीला भलत्याच नावानं गायलं. चुकलं म्हणेल? छे! "आजपासनं हिचं नाव हेच," म्हणाली, आणि ती बिचारी सत्यवती जन्मभर कोकिळा म्हणून नांदली.

माझं लग्न ठरलं रेवदंड्याच्या चंदरशी. जत्रेत मी त्याला पाहिला होता आणि मनातून केव्हाच पसंत केला होता. तसं घरात बोलायची मात्र सोय नव्हती. त्याचा मामा काळूराम, त्याला चंदरसाठी बोर्लीची आपल्या मेव्हण्याची पोर आणायची होती. तो आमच्या रेवसला मचव्यातून उतरला तोच तोंड वाकडं करून. लग्न मोडायला नुसतं निमित्त शोधत होता मेला.

आमची रीत अशी, की आधी दारूची धार देवाला, मग घोटभर धवलारणीच्या गळ्याला, मग पहिला धवला. आणि आदल्याच दिवशी अबकारीवाले येऊन सगळी मडकी फोडून गेलेले. त्यांचं तरी काय चुकलं, चोरूनच गाळली होती. माझा बा अंबाजी मिठागराच्या साहेबाच्या बंगल्यावर राखणदार. तो धावत गेला आणि साहेबानं लग्नाची भेट म्हणून दिलेली बाटली घेऊन आला. साहेब स्कॉटलंडकडच्या कुठल्याशा बेटावरचा, दारूही तिथलीच.

ठमाबाईनं धारेआधी पारखायला म्हणून थोडी करवंटीत ओतून घेतली. बाटलीतली देवाची, करवंटीतली आपली. नाकाशी नेली आणि ओरडली, "अंबाजी, करपली रे ही! नुसता धूर मारतोय."

"करपली न्हाय," बा म्हणाला. "साहेब बोलला, त्यांच्यात दलदलीतली माती खणून वाळवतात. ती जाळून तिच्या धुरावर धान्य सुकवतात."

"माती जाळतात? लाकडं न्हाईत का बिचाऱ्यांना?"

मांडवातल्या बायका हळहळल्या. ठमाबाईनं एक घोट घेतला. "चुलीत बोंबील भाजल्यागत लागतंय." दुसरा घेतला. "थांबा, थांबा. मागनं मनुका आल्या." तिसऱ्या घोटाला तिचे डोळेच मिटले. "खजूरबी हाय गं बायांनो! अंबाजी, ही गोडी कशाची?"

इथं बानं गप्प बसावं की नाही? पण फुशारकी नडली. "पिंपाची! दहा-बारा वर्षं पिंपात मुरवतात. नवं पिंप न्हाय, आधी दुसऱ्या कुणी द्राक्षाची दारू भरून ठेवलेलं असतं, तसलं."

"म्हंजे उष्टं पिंप," ठमाबाई बोलून गेली.

काळूराममामा ताडकन उठला. "ऐकलंत? धवलारीणच बोलली! उष्टं देवाला चालत न्हाय. धार न्हाय तर लगीन न्हाय. चला, ओहोटीच्या आत मचव्यात बसा."

ठमाबाईकडं बघावं, तर तिला करवंटी सोडवेना आणि शब्द गिळवेना. नवरदेवाकडं बघावं, तर तो मुंडावळ्यांतून टकामका बघतोय, तोंडाला कुलूप. म्हटलं काशे, या संसारात बोलायचं काम तुझंच दिसतंय.

नवरीनं मान खाली घालून बसायचं. मीही घातली होती, पण खाली दिसत काय होतं? माझेच हात, कोपरापर्यंत पिवळे.

"ठमाकाकी," मी म्हटलं, "माझ्या अंगाला ही हळद कुणाची?"

"नवऱ्याची."

"त्याला लावून उरलेलीच ना?"

"व्हय. उष्टी ह..." ती थांबली.

"मग उष्टी हळद लावलेली नवरी देवाला चालते, तर उष्ट्या पिंपाची दारू का न्हाय?"

बायांमध्ये आधी एक खुसखुसली, मग सगळ्याच. माझी आय मात्र पांढरीफटक. ठमाबाईनं माझ्याकडं बघितलं, करवंटीकडं बघितलं, उरलेलं एका दमात संपवलं आणि म्हणाली, "चुकलं माझं, पोरी. ओत रे अंबाजी धार!"

धार पडली, तिनं गळा मोकळा केला, आणि चालू धवल्यात मांडव सोडून जायची कुणाची छाती? काळूराममामा होता तिथंच बसला. लग्न लागलं.

मचवा सुटला तेव्हा पाणी उतरायला लागलं होतं. मामा पुढं नाव हाकणाऱ्या तांडेलाशी भांडत बसलेला. चंदर हळूच माझ्याजवळ सरकला. आता हा काय बोलतो, नवरीनं तोंड उघडलं म्हणून रागावतो की काय, या भीतीनं मी पदर आवळून धरला.

"आयबाप गेल्यापासनं मामापुढं मी कधी बोललो न्हाय," तो म्हणाला. "आज तू बोललीस ना, लय बरं वाटलं."

इतका वेळ धरलेलं रडू मला तेव्हा फुटलं.